दादांची मूळव्याध

आमच्या दादांना मूळव्याध नव्हती. वयाची सत्तरी उलटल्यावर हे मी लिहून ठेवते आहे, कारण त्या वेळच्या अख्ख्या जव्हारला ती होती अशी खात्री होती. अजूनही त्या गल्लीतलं कोणी जुनं माणूस भेटलं, तर "तुझ्या वडलांनी फार सोसलं हो" असं म्हणून उसासा टाकतं. सोसलं मी. दादांनी नुसता सुरण खाल्ला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मग जिवंतपणी बोलायची सोय होती कुठे?

दादा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे साखरशेतचे, भात आणि नाचणी पिकवणारे. आमच्या कुळात लेखणी हातात धरणारे दादा पहिले. चार बुकं शिकून ते संस्थानच्या कचेरीत कारकून झाले आणि जव्हारात कारकुनांच्या गल्लीत भाड्याचं घर घेऊन राहिले. बरोबर आई, मी आणि दादांची विधवा बहीण, माझी आत्या. साखरशेतात बायका त्या चार दिवसांतसुद्धा भाताच्या आवणीला चिखलात उतरत, फार तर देवाला हात लावत नसत. पण आत्याने गल्लीतल्या बायकांचं सोवळं बघितलं आणि ते आपल्या घरात दुपटीने सुरू केलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातली गत. मटण बंद झालं. नाचणीची भाकरी गावंढळ ठरली आणि कारकुनाच्या घरी शोभेल असा पांढरा भात दोन्ही वेळा शिजू लागला. आत्या बोलायचीही पुस्तकी, पण संतापली की तिचं सगळं पुस्तक गळून पडायचं आणि साखरशेत बाहेर यायचं. घरात स्वयंपाक, पाणी, धुणं, गोठा हे सगळं आई करायची. बोलायची मात्र फारच थोडं.

मला तेराव्या वर्षी पाळी आली आणि पहिल्या महिन्यापासूनच ती इतरांसारखी नव्हती. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं असतं. मी चौथ्या दिवशी न्हायले आणि पाचव्या दिवशी परकर पुन्हा भरला. गाठी पडायच्या, पोटात पिळवटायचं, उठलं की डोळ्यांपुढे काळोख यायचा. दहा दिवस, बारा दिवस, पुढे पुढे सोळा दिवस. आत्याचा नियम सोपा होता: अंग कोरडं होईपर्यंत आत पाऊल नाही. म्हणजे महिन्यातला अर्ध्याहून अधिक काळ मी मागच्या पडवीत, गोठ्याला लागून. तिथून मला घर दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. आईचं जातं, देवघरातली घंटा, दादांचं खाकरणं, आणि पाठीशी आमच्या गाईचं संथ रवंथ करणं. त्या घरात माझ्याशी मनापासून बोलणारी ती गाय एकटीच होती असं मी गमतीने माझ्या सुनांना सांगते. त्या हसतात. मी हसत नाही.

आत्या ताट जमिनीवर ठेवायची आणि काठीने पुढे ढकलायची. ताटात पांढरा भात आणि त्यावर पाण्यासारखी डाळ. "उष्ण काही द्यायचं नाही, उष्णतेनंच हिच्या अंगावर जातं," असं तिचं वैद्यक. गूळ बंद, तीळ बंद, खुरासणीची चटणी बंद, पालेभाजी बंद. तिच्याच जुन्या लुगड्याचे सात तुकडे मला दिले होते आणि ती ते रोज मोजायची. दुपारी ओहळावर कोणी नसताना मी ते धुवायचे आणि कुणाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून गोवऱ्यांच्या ढिगाआड वाळत घालायचे. पण जव्हारच्या पावसात वाळतंय काय? आषाढ-श्रावणात तिथे मीठसुद्धा पाणी होतं. ओलेच तुकडे पुन्हा घ्यायचे. मांड्या सोलून निघायच्या. गाईचं आंबोण शिजवायची चूल गोठ्यात होती. तिच्यावर मी ते चोरून शेकवायचे आणि धुराच्या वासाचं ते गरम कापड अंगाला लागलं की मला रडू यायचं, इतकं ते सुख वाटायचं. आज माझ्या नातीला दुकानातून हवं ते विकत आणता येतं. मला त्याचा आनंद होतो आणि थोडा रागही येतो. दोन्ही खरं आहे.

वर्षभरात माझं रक्त आटलं. ओठ, नखं, तळहात, सगळं पिठासारखं. आणि इथे आमच्या घराची अक्कल बघा. आम्ही सगळे सावळे. आत्याने एक दिवस मला उजेडात उभी केली, हनुवटी धरून तोंड फिरवलं आणि आईला हाक मारली, "वहिनी, पोर उजळली गं! शहराचं पाणी मानवलं हिला." गल्लीतल्या बायकाही म्हणू लागल्या, कारकुनांची भागीरथी कशी गोरी निघाली. पोरगी मरायला टेकली होती आणि घरात तिच्या रंगाचं कौतुक चाललं होतं. त्याच गोरेपणावर मोखाड्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा तिकडे खालसात, म्हणजे इंग्रजी मुलखात, शाळामास्तर. त्याची आई बघायला आली ती नेमकी मी आत असलेल्या बारा-तेरा दिवसांत. "केवढी नाजूक!" म्हणाली. मी पोह्यांचं ताट धरून उभी होते आणि ताट खाली ठेवलं नाही तर मी पडणार एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी पसंती कळवली. लग्न माघात ठरलं.

लग्न ठरल्यावर घराला पहिल्यांदा माझ्या दुखण्याची काळजी वाटली, कारण सोळा दिवस दूर बसणारी सून कोण ठेवून घेणार? पहिल्याच महिन्यात परत पाठवतील आणि मग कारकुनांच्या पागोट्याचं काय? श्रावणाच्या अखेरीला एक दिवस आईने मला कागदाच्या पुड्या आणून दिल्या. "दादांनी दवाखान्यातून आणल्यात. सकाळ-संध्याकाळ पाण्यातून घे." मला एवढं भरून आलं की काय सांगू. दादा, ज्यांनी माझ्याकडे गेलं वर्षभर नीट बघितलंही नव्हतं, ते माझ्यासाठी डॉक्टरकडे गेले! मी त्या पुड्या देवाच्या अंगाऱ्यासारख्या घेतल्या. पुडी घेतली की दिवसातून पाच वेळा परसाकडे पळावं लागायचं. भिंत धरून जायचे, भिंत धरून यायचे. मला वाटायचं, औषध लागू पडतंय, आतली घाण निघतेय. भाद्रपद गेला, दसरा आला. पाळीचे दिवस सोळाचे अठरा झाले आणि मी पडवीतून ओहळापर्यंत चालताना दोनदा खाली बसू लागले.

दसऱ्यानंतर एक दिवस समोरच्या शिरस्तेदारीणकाकू मोठा थोरला सुरणाचा गड्डा घेऊन ओसरीवर आल्या. मी पडवीत होते. कुडाच्या पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"कारकुनांना तुपात परतून द्या हो," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना यानंच उतार पडला. कचेरीत सगळे हळहळतात. म्हणे अठरा-अठरा दिवस रक्त जातं. मूळव्याध वाईटच मेली."

आत्याचा आवाज एवढासाही बदलला नाही. "काय करणार. डॉक्टरांनी पोट साफ राहायला पुड्या दिल्यात. बसायच्या नोकरीचे भोग."

दादांनी मी बघितलं तेवढ्यात एकही पुडी घेतली नव्हती. पुड्या माझ्याकडे येत होत्या. अठरा दिवस माझे होते. मला सगळं उमगायला वेळ लागला नाही; पडवीत बसून बसून माणसाला विचार करायची सवय होते. माझ्या बापाने डॉक्टरपुढे माझं दुखणं स्वतःच्या ढुंगणाला चिकटवलं होतं. मुलीची पाळी असं चारचौघांत म्हणण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं. आणि मी दोन महिने मूळव्याधीचं जुलाबाचं औषध घेत होते. संध्याकाळी सुरण तुपात परतल्याचा वास आला. दादांनी तो खाल्ला, खाजरा निघाला म्हणून आईवर ओरडलेही.

आई आंबोण घालायला गोठ्यात आली तेव्हा मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती खाली बघून साखरशेतच्या बोलीत म्हणाली, "माना पुड्या दिल्या, मी तुना दिल्या. बापानं आणल्या त्या वाईट कशा असतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कचेरीत गेल्यावर मी उठले. माझा नववा दिवस होता. पडवीतून अंगणात, अंगणातून गल्लीत. आत्या दारातून किंचाळली, "कुठं चालली गं रांडं? इटाळ करते आख्ख्या बाजारात!" पुस्तक पार गळून पडलं होतं. धरायला मात्र ती आली नाही, कारण मला धरायचं म्हणजे शिवायचं. तिचं सोवळं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलं. बाजारातून जाताना मी ज्याला त्याला धक्का देत गेले. वाण्याच्या ओट्याला हात टेकला, देवळाच्या भिंतीला टेकला. थोडं दम लागला म्हणून, आणि खरं सांगते, थोडं मुद्दाम.

संस्थानच्या दवाखान्यात बाकावर सात-आठ पुरुष बसले होते. डॉक्टर मुंबईकडचे, कायम कपाळाला आठी. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर कोण आहे? बाईमाणसानं एकटं यायचं नाही. घरच्या पुरुषाला घेऊन ये, जा."

"घरचा पुरुष येऊन गेला," मी म्हणाले. "त्यांनी मूळव्याध सांगितली. त्यांना नाही ती. अंगावर माझ्या जातं. अठरा दिवस."

कंपाउंडरच्या हातातली बाटली हातातच राहिली. डॉक्टरांनी माझ्या दादांचं नाव विचारलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शिपायाला कचेरीत पिटाळलं. मला बाकावर बसायला सांगितलं. मी बसले तशी बाकावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. एवढा मान मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

दादा आले. पागोटं नीट, उपरणं नीट, चेहरा मात्र उतरलेला. मी मनाशी म्हटलं, आता बोलतील. आता इलाजच नाही.

"कारकून," डॉक्टर म्हणाले, "ही तुमची मुलगी काय सांगते? रक्त कोणाचं जातं?"

"माझं," दादा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "माझंच जातं, डॉक्टरसाहेब. पोरगी भ्रमिष्ट झाली आहे. लग्न ठरल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही."

आजवर मला बरंच काय काय बोलून झालेलं आहे. नवऱ्याने, सासूने, आणि माझ्या स्वतःच्या मुलानेही. पण ते वाक्य अजून जागेवर आहे. तिथे मी मेले असते तरी दादा म्हणाले असते, रक्त माझंच होतं.

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी दादांना खिडकीपाशी नेलं, अंगठ्याने त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतून लाल, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. मग मला बोलावून माझी पापणी ओढली आणि बाकावरच्यांनाच दाखवत असल्यासारखं माझं तोंड उजेडाकडे वळवलं. आतून पांढरी, कागदासारखी. "कारकून, रक्त तुमचं जातं आणि पांढरी ही पडते! असा रोग माझ्या एकाही पुस्तकात नाही." कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर हसले नाहीत. ते एकाएकी भडकले. "दोन महिने तुम्ही हिला जुलाब पाजलात माझ्या हातून! आणखी दोन महिने पाजले असते तर माघात लग्नाऐवजी दुसरंच काही करावं लागलं असतं तुम्हाला."

त्यांनी दादांखेरीज सगळ्या पुरुषांना ओसरीवर घालवलं. ते बाहेरून खिडकीशी जाऊन उभे राहिले, तो भाग निराळा. मला किती दिवस, गाठी किती मोठ्या, तुकडे किती भिजतात असं एकेक विचारलं. मी सगळं सांगितलं. लाज वाटली का असं माझी नात विचारते. नाही वाटली. ज्याला विचारायचं कळतं त्याला सांगायची लाज वाटत नाही. दादा भिंतीकडे तोंड करून उभे होते. डॉक्टरांनी दोन औषधं एका बाटलीत मिसळून दिली. रक्त आवरणारं एक आणि लोहाचं एक. काळं, कडू, गंजलेल्या खिळ्याच्या चवीचं. बाटलीला खुणांची कागदी पट्टी चिकटवली. "दात काळे होतील, काडीनं ओढून पी. आणि खातेस काय?" पांढरा भात म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "तुमच्या डोंगरातली नाचणी कुठे गेली? नाचणी खा, गूळ खा, पालेभाजी खा, बकऱ्याचं काळीज खा." मग दादांना म्हणाले, "खाऊ घाला."

परत येताना दादा माझ्या वीस पावलं पुढे चालले. मी चढावर तीनदा बसले. ते एकदाही वळले नाहीत. घरी पोचल्यावर आत्याने माझ्या हातातली बाटली काठीने पाडली, काठीनेच उकिरड्यापर्यंत ढकलत नेली आणि फोडली. परक्याच्या हातचं पाणी आणि त्यात दारू, कारकुनाच्या घरात चालायचं नाही म्हणाली. दादा ओसरीवर बसून सगळं बघत होते. त्यांनी पागोटं काढून खुंटीला लावलं आणि पान जुळवायला घेतलं. चार दिवसांत मोखाड्याहून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. त्याचंही खापर माझ्याच माथ्यावर.

पण बाटली फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आत्या देवळात गेलेली असताना, आई पडवीत आली आणि म्हणाली, "उठ. चालवता का?" तिने पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि मला धरून दवाखान्यात नेलं. जव्हारात आल्यापासून ती पाण्याला आणि ओहळाला सोडून कुठे गेली नव्हती. बाकावर कालच्याइतकीच माणसं. आई डॉक्टरांपुढे उभी राहिली, पदराआडून म्हणाली, "औषध सांडला. परत द्या."

कंपाउंडर बाटली भरू लागला. आई हलली नाही.

"दोन द्या," ती म्हणाली.

"एक पंधरा दिवस पुरेल बाई," डॉक्टर म्हणाले.

"दुसरी माना. माझा पन तसाच जाता. ही झाली त्याच्या आधीपासून."

डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली आणि दुसरी बाटली भरायला सांगितली. मी तिच्याकडे बघत राहिले. मी तिच्या पोटची, एका घरात राहणारी, आणि ती पाण्याच्या हंड्याला टेकून उभी राहायची ते मी आळस समजत होते.

परतीच्या वाटेवर एका दगडावर आम्ही दोघी दम खायला बसलो तेव्हा मी तिच्यावर तुटून पडले. तू तर चौथ्या दिवशी न्हाऊन आत जातेस, दर महिन्याला. मग?

"न्हायची आन् जायची चुलीपाशी," ती म्हणाली. "कोन बघते? सोळा दिस बसले तर घरातला काम कोन करील? माझी आईस पन असाच करायची. ती त्यातच गेली."

माझी नात डॉक्टरकी शिकते. ती म्हणते, काही घराण्यांत रक्त लवकर थांबत नाही, आईकडून मुलीकडे चालत येतं. तिने हे मला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. मला ते जव्हारच्या रस्त्यावर दगडावर बसून कळलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस? मी खरं बोलले म्हणून पडवीत कुजले ना!" मला दादांचा आला नव्हता इतका राग तिचा आला. दादा परके होते, आत्या वैरीण होती. ही माहितगार होती.

"माझा थोडा व्हता, लपला," आई म्हणाली. "तुझा पानी लाल व्हायचा ओहळाचा. तो कसा लपवू? आन् सांगू कोनाला?" ती माझ्याकडे न बघता बाटलीचं बूच काढत होती. काडी शोधायला ती थांबली नाही. पट्टीवरच्या पहिल्या खुणेपर्यंतचं ते काळं औषध तिने भररस्त्यात, बसल्या जागी, तोंड वाकडं न करता पिऊन टाकलं. पदराने ओठ पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चल," म्हणाली. "तुझ्या आत्याचा सोवळ्यातला सैपाक राहिला हाय."

तो तिचा सहावा दिवस होता.